फाटक्या कानाची

एप्रिलात हालिस्ते नदी अंगणात येते,
माहेरी आलेल्या लेकीसारखी, न विचारता,
थेट स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत.
आम्ही गोठ्याच्या कडीला होडी बांधतो
आणि टपाल आणायला वल्ही मारत जातो.

त्याच पाण्यातून ती पहिल्यांदा आली.
एल्कची मादी, घोड्याहून उंच, पोटापर्यंत बुडालेली,
डावा कान मधोमध फाटलेला,
कुणी घाईत लिफाफा फोडावा तसा.
बाबा होडीत उभे राहिले, टोपी काढली.
आजोबांना पुरलं त्या दिवशीही
त्यांनी ती इतक्या चटकन काढली नव्हती.

बाबांची वही दुधाच्या हिशेबाची.
गाई विकल्या, पानं उरली, मग त्यांत जनावरं आली:
‘३ मे. क्रौंच सात. यंदा उशीर.’
‘रानडुकरांनी बटाटे उकरले. साल्मेने शिव्या दिल्या, मग जेवण वाढलं.’
‘विहिरीशी लिंक्सची पावलं. कुत्रं आत घेणे.’
‘फाटका कान. सोबत पिल्लू.’
बायकोच्या वाढदिवसाची नोंद कुठेच नाही.

जूनमध्ये गवत कापायच्या आधी
मी आणि तार्मो ओळीने चालायचो, काठीने गवत चाळवत.
रो-हरणाची पाडसं तिथे निपचित पडलेली,
आईने सांगितलंय हलायचं नाही, म्हणून न हलणारी.
हाताला गवत गुंडाळून उचलायची,
माणसाचा वास लागू नये.
कुंपणापाशी नेऊन ठेवायची.
नोव्हेंबरात याच हातांनी आम्ही कातडं सोलायचो,
आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.
टार्टूच्या वसतिगृहात एका मुलीने विचारलं
तेव्हा दिसलं. रात्रभर. सकाळी भूक लागली.

मग बाबांच्या नजरेत बरोबर मध्यावर
एक काळा ठिपका बसला.
कडेचं दिसतं, समोरचं नाही.
तार्मो फिनलंडात छपरं घालतो.
बंदूक माझ्याकडे आली,
आईची शिवणाची कात्री आली होती तशीच,
काही न बोलता, टेबलावर ठेवलेली.

ऑक्टोबर. हाकारे पलीकडच्या भूर्जांत.
मी चराच्या काठाला, बोटं गार, नाक गळतंय.
ती उजव्या बाजूने आली.
उजवा कान धड होता.

एकच गोळी. तिने चार पावलं टाकली,
काही विसरल्यासारखी थांबली
आणि गुडघ्यांवर बसली.
जवळ गेले तेव्हा डोकं वळलेलं होतं.

उर्मासने देवदाराची डहाळी मोडली,
रिवाजाप्रमाणे टोपीत खोचायला दिली.
म्हणाला, ‘पिल्लाला दुसरं वर्ष लागलंय, जगेल.’
मी डहाळी खिशात घातली.
ती अजून तिथेच आहे, सुया गळून गेलेली.

संध्याकाळी कांद्यावर काळीज परतलं.
‘कान पाहिलास?’ बाबांनी विचारलं.
‘नाही,’ मी म्हटलं,
जे गोळी सुटेपर्यंत खरं होतं.
ते सावकाश चावत राहिले.
आमच्या आंतोनोव्का सफरचंदांखाली
दर शरदात रात्री कोण यायचं
ते दोघांनाही ठाऊक होतं.
‘गोडसर लागतंय,’ ते म्हणाले,
आणि आणखी एक तुकडा मागितला.
मग वही माझ्याकडे सरकवली.
‘लिही.’
‘काय लिहू?’
‘तुला दिसलं ते. मला कुठे दिसतंय?’

तारीख लिहिली. पुढे पेन चाललं नाही.
ते पान तसंच आहे.
पुढच्या पानावर बर्फ, मग बर्फ, मग बीव्हरने पाडलेलं झाड.

जानेवारीत झाडाखाली कुणीतरी खुराने बर्फ उकरत होतं,
गोठलेल्या सफरचंदांसाठी.
बाबा खिडकीशी गेले,
समोरचं दिसावं म्हणून मान वाकडी केली,
कोंबडी पाहते तशी, एका डोळ्याने.
‘कोण आहे?’
‘दोन्ही कान धड असलेला,’ मी म्हटलं.

त्यांचा हात डोक्याकडे गेला.
घरात टोपी नव्हती.
तो तसाच थोडा वेळ केसांवर राहिला.